‘गुलाग द्वीपसमूह’ : बखर कीं दप्तर ?

अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन ह्या रशियन ग्रंथकाराचा ‘गुलाग द्वीपसमूह’ हा ग्रंथ तीन खंडांचा असून त्याचा पहिला खंड १९७३ च्या डिसेंबरांत पॅरिस येथें रशियन भाषेंत प्रसिद्ध झाला. सोव्हिएट राज्यांत १९१८ पासून १९५६ पर्यंत जे तुरुंग, ज्या श्रमछावण्या व ज्या हद्दपारीच्या वसाहती होत्या त्यांचा हा वृत्तांत आहे. ‘गुलाग’ हें ‘छावण्यांचा मुख्य कारभार’ अशा अर्थाच्या एका रशियन कचेरीच्या नांवाचें आद्याक्षरी रूप होय. अफाट देशांत विखुरलेल्या ह्या छावण्या म्हणजे जणूं समुद्रांतील बेटेंच, अशी कल्पना करून ग्रंथकारानें हें नांव योजिलें आहे. ग्रंथाची वाङ्मयीन थोरवी अनेकांनीं वाखाणिली आहे, आणि राजकीय वादांतहि त्याचा उपयोग भरपूर झाला आहे. त्या दोहोंशीं आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. इतिहासाचें साधन म्हणून हा ग्रंथ कितपत प्रमाण मानावा, एवढाच प्रश्न आम्ही घेतला आहे.

हा प्रश्न आमच्या वाचकांस परका वाटण्याचें कारण नाहीं. कै. राजवाडे ह्यांनीं १८९८ सालीं आपल्या साधनांच्या पहिल्या खंडास जोडलेल्या प्रस्तावनेंत बखरींची झडती घेतली. तेव्हांपासून समकालीन अस्सल कागद हा वरिष्ठ पुरावा आणि मागाहून आठवणीवर रचलेली बखर हा कनिष्ठ पुरावा, हा दंडक आपल्याकडे रूढ आहे. सोल्झेनित्सिन ह्यांचा ग्रंथ लक्षणानें बखरच आहे. तो रचला गेला तेव्हां सरकारी दप्तर कडेकोट बंद होतें. पुढें १९९१ सालीं सोव्हिएट राज्य मोडल्यावर तें बऱ्याच अंशीं उघडलें. म्हणजे बखर आधीं हातीं आली व दप्तर मागाहून. तेव्हां आमचा दंडक येथें लावून पाहिल्यास निकाल काय लागतो, हें तपासण्यास ह्याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण. आमचें मत असें झालें आहे कीं, दंडक मोडत नाहीं, पण त्यास एक पोटकलम जोडावें लागतें. ज्या राज्यांत कागद, छापखाना, शाळा, न्यायासन व जन्ममृत्यूची नोंदवही हीं सर्व एकाच पक्षाच्या मुठींत असतात, तेथें कागद अस्सल आहे कीं बनावट एवढें विचारून भागत नाहीं. तो कोणास दाखविण्यासाठीं लिहिला, हें आधीं विचारावें लागतें.

प्रथम ग्रंथाची हस्तलिखित-परंपरा पाहूं. ग्रंथकार हा लाल सैन्यांत कॅप्टन होता. मित्रास लिहिलेल्या पत्रांत स्टॅलिनवर टीका केल्यावरून त्यास १९४५ च्या फेब्रुवारींत पूर्व प्रशियाच्या आघाडीवर पकडलें व आठ वर्षांची सजा दिली. ती भोगल्यावर कझाकस्तानांत त्याची हद्दपारी झाली. एकीबास्तूझच्या छावणींत असतां कागद बाळगणें धोक्याचें, म्हणून तो पद्यें रचून मुखोद्गत करी, व ओळींचा हिशेब ठेवण्यास मण्यांची माळ वापरी. प्रस्तुत ग्रंथ त्यानें १९५८ ते १९६८ ह्या दहा वर्षांत लिहिला. १९६२ च्या नोव्हेंबरांत त्याची छावणीजीवनावरील एक कथा मॉस्कोच्या ‘नोव्ही मीर’ मासिकांत सरकारी परवानगीनें छापली गेली, तेव्हां देशाच्या कानाकोपऱ्यांतून सुटलेल्या कैद्यांचीं पत्रें त्याजकडे येऊं लागलीं. तीच पुढें ह्या ग्रंथाची सामग्री झाली. एकंदर २२७ साक्षीदारांचें कथन आपण वापरलें असें तो सांगतो. परंतु त्यांचीं नांवें छापणें म्हणजे त्यांस पुनः पकडवून देणें, म्हणून तीं त्या वेळीं दिलीं नाहींत. लेखनाच्या प्रती निरनिराळ्या घरीं दडविल्या होत्या, आणि सबंध ग्रंथ एकाच मेजावर एकाच वेळीं आपणांस कधीं पाहावयास मिळाला नाहीं, असें ग्रंथकारच नमूद करितो. १९६८ सालीं त्याची सूक्ष्मचित्रफीत गुप्तपणें परदेशीं गेली. १९७३ च्या ऑगस्टांत लेनिनग्राड येथील एका वृद्ध टंकलेखिकेस गुप्त पोलिसांनीं कित्येक दिवस प्रश्न विचारून एका प्रतीचा ठावठिकाणा काढून घेतला. घरीं परतल्यावर थोड्याच दिवसांत ती गळफास लागलेल्या स्थितींत मृत आढळली. प्रत सरकारच्या हातीं पडल्यावरच ग्रंथकारानें परदेशांतील प्रत छापण्यास सांगितलें. १९७४ च्या फेब्रुवारींत त्यास देशाबाहेर घालविण्यांत आलें.

ही हकीकत आम्ही सविस्तर दिली ती करुणरस निर्माण करण्यासाठीं नव्हे. पाठचिकित्सेच्या दृष्टीनें तिचें महत्त्व असें कीं, ग्रंथांतील पुनरुक्ति, विसंगति व क्वचित् दिसणारा विस्कळितपणा ह्यांचें कारण तींत सांपडतें. ज्या लेखकास स्वतःचीं मागचीं प्रकरणें समोर ठेवून पुढचीं लिहितां आलीं नाहींत, त्याजकडून मेळ घातलेल्या तारखांची अपेक्षा करणें न्यायाचें होणार नाहीं. दुसरें असें कीं, त्या देशांत लिहिलेलें जपणें हाच अपराध होऊन बसला होता. आख्मातोवा ही कवयित्री आपल्या नव्या ओळी कागदावर लिहून मैत्रिणीस वाचावयास देई, तिच्या पाठ झाल्या कीं तो कागद रक्षापात्रांत जाळून टाकी, व मध्यें कांहीं क्षुल्लक बोलत राही, कारण भिंतींस कान होते. दिनलेख, पत्रें, छायाचित्रें लोकांनीं आपल्या हातांनीं जाळलीं. पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा घरच्या छायाचित्रांत शाईनें काळा केला. आमच्याकडे कसर, पाऊस व अनास्था ह्यांनीं कागद नष्ट केले. तेथें भीतीनें केले. अशा ठिकाणीं खासगी कागद विरळा व बखर अपरिहार्य, हें ध्यानांत घेतलेंच पाहिजे.

आतां दप्तराकडे वळूं. १९९१ नंतर जे कागद बाहेर आले, त्यांत गृहखात्याचा ३० जुलै १९३७ चा हुकूम क्रमांक ००४४७ हा अग्रगण्य होय. माजी सधन शेतकरी, धर्मोपदेशक, गुन्हेगार व इतर ‘सोव्हिएटविरोधी’ माणसें ह्यांस दोन वर्गांत वांटून, प्रत्येक प्रांतानें किती माणसें पहिल्या वर्गांत म्हणजे गोळी घालण्यासाठीं व किती दुसऱ्या वर्गांत म्हणजे छावणीसाठीं पुरवावीं, ह्याचें कोष्टक ह्या हुकुमांत दिलें आहे. पहिल्या वर्गाचा आंकडा सुमारें ७६ हजार, दुसऱ्याचा १ लक्ष ९३ हजार. न्यायाचें काम ‘त्रोइका’ म्हणजे तिघांच्या मंडळाकडे दिलेलें. आरोपी समोर नसावयाचा, वकील नाहीं, अपील नाहीं. काम चार महिन्यांत उरकावयाचें होतें, तें १९३८ च्या नोव्हेंबरापर्यंत चाललें. प्रांतोप्रांतींच्या अधिकाऱ्यांनीं आंकडा वाढवून मागितला आणि वरून तो वाढवून मिळाला. अखेर ह्या एका हुकुमाखालीं सुमारें ७ लक्ष ६७ हजार माणसांस शिक्षा झाली व त्यांपैकीं सुमारें ३ लक्ष ८७ हजारांस गोळी घालण्यांत आली. जमाबंदीचा वसूल ठरवावा तसा माणसांचा वसूल ठरविल्याचें हें दप्तर आहे.

दुसरा संग्रह याद्यांचा. मोठ्या असामींची शिक्षा आधींच ठरवून ज्या ३८३ याद्या पक्षश्रेष्ठींकडे मंजुरीस गेल्या, त्या उपलब्ध असून त्यांत सुमारें ४४ हजार नांवें आहेत. बहुतेक याद्यांवर स्टॅलिनची स्वतःची सही आहे. ३१ ऑगस्ट १९३७ रोजीं मंजूर झालेल्या अशाच एका यादींत आमच्या देशांतील एक नांव आढळतें. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय हे सरोजिनी नायडू ह्यांचे बंधु. १८८० सालीं हैदराबाद येथें जन्मलेले, युरोपांत राहून हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठीं खटपट करणारे, व शेवटीं लेनिनग्राडच्या मानववंशशास्त्रीय संस्थेंत काम करणारे. १९३७ च्या जुलईंत त्यांस पकडलें, आणि यादी मंजूर झाल्यावर तिसऱ्या दिवशीं, २ सप्टेंबर रोजीं, न्यायासनानें शिक्षा सांगून त्याच दिवशीं गोळी घातली. निकाल आधीं व चौकशी मागाहून, असें जें सोल्झेनित्सिन ह्यांनीं ऐकीव माहितीवरून लिहिलें, त्यास ह्याहून बळकट लेखी आधार कोणता पाहिजे ?

ह्या दोन संग्रहांवरून ग्रंथाचें मुख्य कथन पक्कें ठरतें. रात्रीं दारावर पडणारी थाप, रात्रंदिवस झोंप न देतां घेतलेले जबाब, दंडसंहितेच्या ५८ व्या कलमाचा वाटेल तसा ताणलेला अर्थ, आणि तुरुंगाच्या खिडकीशीं नातलगांची रांग, जींत गांठोडें स्वीकारलें गेलें म्हणजे माणूस जिवंत आहे व परत आलें म्हणजे नाहीं असें समजावयाचें, हें सारें ग्रंथकारानें साक्षीवरून लिहिलें व दप्तरानें त्यांत फारसा फरक पडला नाहीं. विशेषतः ही व्यवस्था स्टॅलिनच्या लहरींतून एकाएकीं उद्भवली नसून तिचा पाया लेनिनच्या कारकीर्दींतच, १९१८ सालापासून, घातला गेला, हा त्याचा सिद्धान्त पुष्कळांस त्या वेळीं अतिशयोक्त वाटला होता. प्रसिद्ध झालेल्या कागदांनीं त्यास पुष्टीच मिळाली आहे.

परंतु आंकड्यांच्या बाबतींत ग्रंथाची बाजू लंगडी आहे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. कुर्गानोव्ह नामक एका परदेशवासी रशियन अध्यापकाच्या गणितावरून, १९१७ पासून १९५९ पर्यंत अंतर्गत दडपशाहीनें व उपासमारीनें ६ कोटी ६० लक्षांहून अधिक माणसांची हानि झाली, असा आंकडा ग्रंथांत येतो. आपण त्याचा हवाला देत नाहीं, पण सरकारी आंकडा मुळींच नाहीं, अशी पुस्ती ग्रंथकार जोडितो. ही पुस्ती वाचक विसरतात व आंकडा तेवढा लक्षांत ठेवितात. दप्तराप्रमाणें १९३० ते १९५३ ह्या काळांत छावण्या व श्रमवसाहती मिळून सुमारें १ कोटी ८० लक्ष माणसें गेलीं, आणि तेथें मृत झालेल्यांची नोंद १६ लक्षांच्या आसपास भरते. १९३७ व १९३८ ह्या दोन सालीं गोळी घातलेल्यांची संख्या गुप्त गोषवाऱ्यांत ६,८१,६९२ आहे. १९३२-३३ च्या दुष्काळांतील बळी ह्यांहून वेगळे. ते पन्नास लक्षांहून अधिक असावेत, असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे. हे सर्व मिळविले तरी कुर्गानोव्हच्या आंकड्याच्या जवळपासहि आपण पोंचत नाहीं. तसेंच श्वेतसमुद्र व बाल्टिक ह्यांस जोडणाऱ्या कालव्यावर पहिल्याच हिंवाळ्यांत एक लक्ष माणसें मेलीं, असा प्रवाद ग्रंथांत नमूद आहे. दप्तरांत त्या बांधकामाच्या तिन्ही सालांचे मृत्यु मिळून सुमारें १२ हजार आहेत.

आणखी एक उणीव दृष्टीची आहे. हा वृत्तांत राजकीय कैद्याच्या डोळ्यांनीं पाहिलेला आहे. दप्तरावरून असें दिसतें कीं, बहुतेक वर्षीं छावण्यांत राजकीय कैदी निम्म्याहून कमी असत. बाकीचे केवळ व्यवसायी चोर नव्हते. त्यांत सामुदायिक शेतावरील मूठभर धान्य उचलणारे, कामावर उशिरां येणारे, परवान्यावांचून शहरांत राहणारे असे साधे लोक पुष्कळ होते. सरकारी मालमत्तेच्या चोरीचा ७ ऑगस्ट १९३२ चा कायदा इतका कडक होता कीं, त्यांत देहान्तशिक्षेचीहि तरतूद होती. ह्या मुक्या बहुसंख्येचें कथन ग्रंथांत येतें, परंतु तिच्या प्रमाणांत येत नाहीं. त्यांनीं आठवणी लिहिल्या नाहींत, म्हणून बखरकारास ते दिसले नाहींत. हा सर्वच बखरींचा दोष आहे.

येथपर्यंत पाहतां कोणी म्हणेल कीं, आमचा जुना दंडकच खरा ठरला : दप्तर आलें आणि बखरीचे आंकडे गळून पडले. पण दप्तराचीहि तशीच झडती घेतली पाहिजे, आणि ती घेतां पुढील चार प्रकार आढळतात.

पहिला प्रकार कबुलीजबाबांचा. मार्शल तुखाचेव्स्की ह्यास १९३७ च्या जूनांत गोळी घातली. त्याच्या खटल्याच्या कागदांत त्याचा कबुलीजबाब आहे. कागद अस्सल, सही अस्सल, तारीख बरोबर. पुढें १९५६ सालीं त्या पानांवरील तपकिरी डागांची शास्त्रीय तपासणी झाली, तेव्हां ते मानवी रक्ताचे ठरले. व १९५७ सालीं तो निर्दोष असल्याचें सरकारनेंच जाहीर केलें. चौकशींत शारीरिक बळाचा उपयोग करण्यास मध्यवर्ती समितीची परवानगी आहे, असें सांगणारी स्टॅलिनची १९३९ च्या जानेवारींतील तारहि उपलब्ध आहे. कागद, शाई, अक्षर व शिक्का ह्या आमच्या चारहि कसोट्यांस उतरणारा लेख सर्वस्वीं खोटा असूं शकतो, आणि त्याचें खोटेपण अक्षरांत न सांपडतां डागांत सांपडतें, हें ह्या एका उदाहरणानें सिद्ध होतें.

दुसरा प्रकार मृत्युपत्रांचा, म्हणजे मृत्यूच्या दाखल्यांचा. गोळी घातलेल्यांच्या नातलगांस तोंडी सांगत कीं, ‘पत्रव्यवहाराच्या हक्काविना दहा वर्षें’ अशी शिक्षा झाली आहे. दहा वर्षें उलटून गेलीं तरी माणूस परत येईना, तेव्हां १९५५ च्या ऑगस्टांत गुप्त पोलीस खात्यानें अंतर्गत सूचना काढली कीं, तो छावणींत अमुक दुखण्यानें मेला असें सांगावें, व मृत्यूची तारीख अटकेपासून दहा वर्षांच्या आंतील कोणतीहि घालावी. त्याप्रमाणें जन्ममृत्यूच्या कचेरींत रीतसर नोंदी झाल्या व रीतसर दाखले दिले गेले. कथालेखक इसाक बाबेल ह्यास २७ जानेवारी १९४० रोजीं गोळी घातली. कुटुंबास मृत्यूची तारीख १७ मार्च १९४१ कळविली. हीं बनावट पत्रें कोणा लबाड वतनदारानें वतनाच्या लोभानें केलेलीं नाहींत. ज्या कचेरीस दाखला देण्याचा अधिकार आहे तिनेंच तीं केलीं आहेत. म्हणजे सरकारी शिक्क्याचा समकालीन कागद खोटा, आणि ‘आमच्या माणसास त्यांनीं मारलें’ असें पुटपुटणारी घरची आजी खरी !

तिसरा प्रकार गणनांचा. ६ जानेवारी १९३७ रोजीं शिरगणती झाली. १९३३ च्या अखेरीस लोकसंख्या १६ कोटी ८० लक्ष झाली, असें स्टॅलिननें १९३४ सालीं पक्षाच्या परिषदेंत जाहीर केलें होतें. गणतींत ती १६ कोटी २० लक्ष भरली. शिवाय सोळा वर्षें व त्यावरील माणसांपैकीं निम्म्याहून अधिकांनीं आपण देव मानतों असें लिहून दिलें. त्या सप्टेंबरांत गणती रद्द झाली, आणि क्रावल, क्वित्किन इत्यादि तज्ज्ञ अधिकाऱ्यांस गोळीची शिक्षा मिळाली. १९३९ सालीं दुसरी गणती झाली, तींत १७ कोटींवर आंकडा निघाला व तो छापला. ह्या दुसऱ्या गणतीचे लेखक पहिल्यांचें काय झालें तें जाणून होते, एवढें संशोधकानें टिपून ठेवावें. छावण्यांतील मृत्यूंच्या नोंदीहि ह्याच दृष्टीनें पाहाव्या. मरणासन्न कैद्यांस अपंग म्हणून सोडून देण्याची चाल होती; ते बाहेर मेले म्हणजे छावणीच्या वहींत मृत्यु चढत नसे. म्हणून कालव्याचे १२ हजार किंवा एकंदरीचे १६ लक्ष हे आंकडे ‘इतके तरी निश्चित’ अशा अर्थानें घ्यावयाचे, ‘इतकेच’ अशा अर्थानें नव्हे.

चवथा प्रकार छापील ग्रंथांचा. त्या कालव्यावरच गोर्की प्रभृति लेखकांनीं १९३४ सालीं एक स्तुतिपर ग्रंथ काढला. त्यांतील नायक, गृहखात्याचा मुख्य यागोदा, १९३७ सालीं स्वतःच पकडला गेला, तेव्हां तो ग्रंथ वाचनालयांतून काढून घेण्यांत आला. १९५३ सालीं बेरियाचा पाडाव झाल्यावर ‘बृहत् सोव्हिएट ज्ञानकोशा’च्या वर्गणीदारांस सूचना गेली कीं, पांचव्या खंडांतील बेरियाचीं पानें कात्रीनें किंवा वस्तऱ्यानें कापावीं व सोबत पाठविलेलीं पानें डकवावीं; नव्या पानांत बेरिंग समुद्रावरील माहिती वाढविली होती. ज्यांच्या संग्रहीं हा खंड असेल त्यांनीं त्याची शिवण अवश्य तपासावी. शिवणीजवळील कापलेली पट्टी हाच तेथें इतिहास आहे.

ह्या चारहि प्रकारांत एक गोष्ट समान दिसेल. दप्तर जेथें प्रजेस, न्यायासनास किंवा जगास दाखविण्यासाठीं लिहिलें आहे तेथें तें खोटें बोलतें. जेथें एका अधिकाऱ्यानें दुसऱ्यास काम उरकण्यासाठीं, कोणी तिसरा वाचणार नाहीं अशा खात्रीनें लिहिलें आहे, तेथें तें बहुधा खरें बोलतें. कारण मारावयाचीं माणसें मोजावीं तर लागतातच. ह्याचा उत्तम दाखला कारेलिया प्रांतांतील सांदर्मोख येथील. १९३७ च्या शरदृतूंत सोलोव्की बेटावरील तुरुंगांतून एक हजारावर कैदी नेले गेले व पुनः दिसले नाहींत. त्यांस नौकांत घालून श्वेतसमुद्रांत बुडविलें, अशी वदंता साठ वर्षें चालत आली. नातलगांस मिळालेले दाखले निराळेंच सांगत. पुढें कॅप्टन मात्वेयेव्ह ह्या अधिकाऱ्याचे कागद मिळाले, त्यांत २७ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर १९३७ ह्या अवधींत आपण १,१११ कैद्यांस गोळी घातल्याची नोंद होती. त्याच्यावरच मागाहून चाललेल्या चौकशीच्या कागदांत जागेचा माग लागला. वेनियामिन इओफे, इरिना फ्लिगे व युरी द्मित्रियेव्ह ह्यांनीं १९९७ च्या जुलईंत त्या खुणांवरून अरण्यांत शोध केला, तेव्हां जमीन खचून झालेल्या खाचांखालीं अस्थि निघाल्या. येथें वदंता चुकली, दाखले चुकले, आणि मारेकऱ्याचा गुप्त कागद बरोबर ठरला. परंतु हेंहि विसरूं नये कीं, वदंतेनेंच शोध जिवंत ठेविला. माणसें नाहींशीं झालीं ही मूळ गोष्ट ती इमानानें सांगत होती, प्रकार तेवढा चुकीचा सांगत होती.

असा खरा कागद मालकांस किती जड होतो, तें कातीनच्या प्रकरणांत दिसतें. १९४० सालीं पोलंडचे कैदी सेनाधिकारी व इतर मिळून २१,८५७ इसमांस गोळी घातली गेली. १९४४ सालीं सोव्हिएट चौकशीमंडळानें तें कृत्य जर्मनांच्या माथीं मारिलें व १९९० पर्यंत तीच अधिकृत हकीकत होती. मध्यंतरीं १९५९ च्या मार्चांत गुप्त पोलीस खात्याचा मुख्य शेलेपिन ह्यानें ख्रुश्चेव्हला हस्तलिखित टिपण पाठवून सुचविलें कीं, ह्या इसमांचीं स्वतंत्र प्रकरणें जाळून टाकावीं, कारण तीं उघडकीस आल्यास अडचण होईल. नेमका आंकडा आपणांस कळला तो ह्याच टिपणावरून ! मूळ पुरावा नष्ट करण्याची शिफारस करणारा कागदच शेवटीं पुरावा म्हणून उरला, व १९९२ सालीं मोहरबंद पाकिटांतून तो बाहेर आला.

आतां निकाल सांगतों. ‘गुलाग द्वीपसमूह’ हा ग्रंथ संख्यांसाठीं प्रमाण मानूं नये. तेथें दप्तर घ्यावें, व तेंहि किमान मर्यादा म्हणून घ्यावें. दूरच्या प्रसंगांच्या तारखा व स्थळें ह्यांसाठीं तो स्वतंत्र आधार मिळाल्यावांचून वापरूं नये. पण ती राज्ययंत्रणा माणसावर कशी चाले, पकडलेल्यापासून पुरलेल्यापर्यंत कोणत्या पायऱ्या असत, लोक काय बोलत व काय बोलत नसत, शेजारी शेजाऱ्यास कां भिई, ह्याविषयीं तो प्रथम प्रतीचें साधन आहे. आणि ह्या बाबतींत दप्तर त्याची जागा घेऊं शकत नाहीं, कारण दप्तरांत कैद्यास वजन, वर्ग व क्रमांक आहे, तोंड नाहीं. ग्रंथकारानें स्वतः त्यास ‘वाङ्मयीन अन्वेषणाचा प्रयोग’ असें म्हटलें आहे, इतिहास म्हटलेलें नाहीं. जी मर्यादा त्यानें स्वतः घालून घेतली ती ओलांडून त्याजकडून कोष्टकें मागणारे टीकाकार, आणि ती ओलांडून त्याचीं कोष्टकें वेदवाक्य मानणारे भक्त, दोघेहि सारखेच चुकतात.

संग्राहकांस ह्यांतून घेण्यासारखी गोष्ट एकच. रशियांत दप्तर उघडलें तें कायमचें उघडलें असें नाहीं. बळींचीं नांवें, पत्रें व आठवणी गोळा करण्यासाठीं १९८९ सालीं स्थापन झालेली ‘मेमोरियल’ ही संस्था २८ डिसेंबर १९२१ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २८ डिसेंबर २०२१ रोजीं, न्यायासनाच्या हुकुमानें विसर्जित करण्यांत आली. पुढल्याच वर्षीं शांततेच्या नोबेल पारितोषिकांत तिला वांटा मिळाला, परंतु पारितोषिकानें बंद दार उघडत नाहीं. तिनें तीस वर्षांत जमविलेल्या नांवांची यादी तीस लक्षांवर गेली होती, आणि तींतील कित्येक नांवांमागें आधार म्हणून सरकारी फाईल नसून एखाद्या घरांत कणगींत किंवा रुळाखालीं लपविलेलें एक पोस्टकार्ड आहे. जें सरकार आपलें दप्तर स्वतःच लिहितें, स्वतःच मिटवितें व स्वतःच बंद करितें, त्याच्या अमलाखालीं खासगी घरांतील असा एक चिटोरा हाच सरकारी नोंदीस ताळा घालण्याचा एकमेव उपाय असतो. तो जाळूं न देणें हें तेथें धैर्याचें काम होतें; इतरत्र तें नुसत्या काळजीचें आहे. तेव्हां त्यांत आम्ही तरी कसूर करूं नये.